लोधीपुऱ्याच्या वाटेवरचं चुंबक

लोधीपुऱ्याला दर्गा-ए-हकीमीच्या जियारतीला देश-परदेशातून बोहरा मंडळी येतात. बुऱ्हाणपूर स्टेशनवर उतरलेला यात्रेकरू आता बहुतेक ई-रिक्षातच बसतो. मागच्या उन्हाळ्यात याच वाटेवर एका मेकॅनिकने माझ्यासमोर अशा रिक्षाची मोटर उघडली. आतल्या फिरत्या भागावर राखाडी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, बोटभर लांब आणि नखापेक्षा थोड्या जाड. त्याने पाना जवळ नेला आणि तो हातातून हिसकल्यासारखा जाऊन चिकटला. "दादा, बोट सांभाळा, मध्ये सापडलं तर नख जाईल," तो म्हणाला. मग शांतपणे सांगितलं, "वाइंडिंग जळलं तर मी भरून देतो. बेअरिंग गेलं तर बदलतो. हे चुंबक उडालं तर माझ्या हातात काही नाही. मोटर दिल्लीहून येते, पण हे चीनचं."

एवढ्या एका वाक्यात त्याने या विषयाचा गाभा सांगितला. अशा ताकदवान चुंबकात लोखंड आणि थोडं बोरॉन असतं, आणि वजनाने साधारण तिसरा हिस्सा निओडिमियम व त्याची भावंडं. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात ती हीच, एकूण सतरा. नाव फसवं आहे. त्यांपैकी सेरियम तर भूकवचात तांब्याइतकं आहे. ती सापडायला अवघड नाहीत, एकमेकांपासून सोडवायला अवघड आहेत. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या फरकावरच उभं आहे. आपल्या देशाने खनिज कधी गमावलं नाही, सोडवण्याची कला वाढवायची राहून गेली. आणि आता घाईघाईने खनिजच खणायला निघालो, तर जे हरवलं ते हाती येणार नाहीच, वर डोंगरातल्या माणसांचं पाणी जाईल.

माझ्या लहानपणी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं असत. बत्तीतलं मँटल म्हणजे विणलेली पांढरी पिशवी. पहिल्यांदा पेटवली की तिची राख व्हायची, पण ती राख त्याच आकारात उभी राहायची आणि लख्ख उजेड द्यायची. कुणाचं बोट लागलं की भुगा. ही पिशवी शोधून काढली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने, १८८५ मध्ये. त्याच वर्षी त्याने 'डिडिमियम' नावाचं एक मानलेलं मूलद्रव्य फोडून त्यातून निओडिमियम आणि प्रासिओडिमियम ही दोन वेगळी काढली. निओडिमियमला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. त्याचं चुंबक व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी ते वेगवेगळ्या वाटांनी एकाच सुमारास बनवलं. मँटलला मात्र लगेच बाजार मिळाला. त्यासाठी थोरियम लागायचं, चिमूटभर सेरियम लागायचं, आणि ही दोन्ही ज्या खनिजात एकत्र असतात ते मोनाझाइट.

१९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला भारतातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. काथ्या त्रावणकोरच्या मनवालकुरिचीचा होता. म्हणजे आपल्याला आपल्या किनाऱ्याची किंमत कळली ती परदेशात कुणीतरी दोर झटकला म्हणून. पुढची कित्येक वर्षं ती वाळू जहाजात भरून जात राहिली. तिच्यातून निघालेलं मँटल परत येऊन आपल्या वरातीत जळत राहिलं.

स्वतंत्र भारताने हे ओळखलं होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८ ऑगस्ट १९५० ला इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. २४ डिसेंबर १९५२ ला केरळात आलुव्याला तिच्या कारखान्याचं उद्घाटन नेहरूंनी केलं. मधल्या काळात, १९५१ मध्ये, अन्नटंचाईत आपण अमेरिकेकडे गहू मागितला तेव्हा तिथल्या संसदेत त्या बदल्यात मोनाझाइट मागण्याची भाषा झाली. देश उपाशी होता, तरी नेहरू त्याला तयार झाले नाहीत. गहू शेवटी कर्जाने आला. त्यामागचं मुख्य कारण थोरियम होतं, अणुऊर्जा होती, हे खरं. पण कच्ची वाळू विकायची नाही, ती इथेच फोडायची, हा निश्चय त्यात होता. त्या कंपनीचं मुख्यालय आजही मुंबईत प्रभादेवीला आहे, सिद्धिविनायक मंदिराच्या समोर. मंगळवारी पहाटेपासून तिथे रांग लागते, आणि समोरच्या इमारतीत काय चालतं हे त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल, असं मला दर वेळी वाटतं.

आता सोडवणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण वादाचं मूळ तिथे आहे. मोनाझाइट बारीक दळून कॉस्टिक सोड्यात शिजवतात. त्यातला फॉस्फेट निघून जातो, थोरियम बाजूला काढतात, आणि उरलेला साका आम्लात विरघळवतात. त्या द्रावात डझनभर मूलद्रव्यं एकत्र असतात, आणि रसायनाच्या नजरेला ती जवळजवळ सारखी दिसतात. मग टाक्यांची रांग लागते. एका टाकीत हा द्राव आणि केरोसीनसारख्या तेलात मिसळलेलं एक रसायन घुसळतात, शेजारच्या कप्प्यात निवळू देतात. तेल वर येतं, पाणी खाली राहतं, आणि एखादं मूलद्रव्य किंचित जास्त प्रमाणात तेलाबरोबर जातं. किंचितच. म्हणून पुढची टाकी, त्यापुढची टाकी, अशा शेकडो. घुसळण थांबली किंवा आम्ल कमीजास्त झालं की सगळी रांग बिघडते आणि पुन्हा ताळ्यावर यायला बराच वेळ लागतो. त्यानंतर ऑक्साइडचा धातू, धातूचा मिश्रधातू, मिश्रधातूची पूड, ती चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजणं. यातलं बरंचसं पुस्तकात लिहिलेलं आहे. पण चालत्या कारखान्यात वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला जे कळतं ते पुस्तकात नाही. बुऱ्हाणपूरच्या मागावर बसलेल्या कुठल्याही विणकराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चीनने ही रांग चालू ठेवली. आतल्या मंगोलियात बाओतोऊजवळच्या बायान ओबो खाणीतून लोखंडाबरोबर ही खनिजं निघतात, म्हणजे खणण्याचा अर्धा खर्च लोखंडाच्या खात्यात. त्यावर राज्याचं पाठबळ आणि प्रदूषणाकडे डोळेझाक. अमेरिकेची कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एके काळी जगाला पुरवत होती, ती २००२ मध्ये बंद पडली. जनरल मोटर्सने स्वतःची चुंबक कंपनी मॅग्नेक्वेंच १९९५ मध्ये विकली, आणि काही वर्षांत तिची यंत्रं इंडियानातून चीनला गेली. आपल्या आलुव्यात २००४ च्या सुमारास मोनाझाइट फोडणं थांबलं. त्या भावात परवडत नव्हतं. पुढे ओडिशात छत्रपूरला नवा कारखाना उभारून काम पुन्हा सुरू झालं, पण मधली वर्षं गेली ती गेली. आज सोडवण्याच्या आणि चुंबक बनवण्याच्या कामात चीनचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांप्रमाणे भारताचे साठे ६९ लाख टन, जगात तिसरे, पण २०२४ चं उत्पादन २,९०० टन. चीनचं २,७०,०००.

'त्या भावात परवडत नव्हतं' हे वाक्य आमच्या जिल्ह्याला पाठ आहे. इथून जवळ नेपानगर आहे. वर्तमानपत्राचा कागद बनवणारी देशातली पहिली गिरणी, १९५६ मध्ये नेहरूंनीच राष्ट्राला अर्पण केलेली. १९८१ पर्यंत असा कागद बनवणारी ती एकमेव होती. मग बाहेरचा स्वस्त कागद आला, गिरणी आजारी पडली, २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. दोष नुसता आयातीचा होता असं मी म्हणणार नाही. जुनी यंत्रं होती, सरकारी ढिलाई होती. पण अशी गिरणी मंदावली की तिच्याबरोबर हाताला वळण असलेली माणसं निवृत्त होतात, त्यांची मुलं दुसरीकडे जातात, आणि नवीन यंत्र आणलं तरी ते चालवणारा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. निर्णय दिल्लीत होतो, त्याची किंमत नेपानगरच्या घराघरांत मोजली जाते.

दुर्मीळ मृदांच्या व्यवहाराला बाजार म्हणतात, पण हा बाजार नाही. बाजारात भाव ठरतो तो मालावरून. इथे तो कधी राजनैतिक रागावरून ठरतो. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी नौकेवरून चीन आणि जपानचं भांडण झालं आणि जपानला जाणारा चिनी माल काही आठवडे अडला. पुढच्या वर्षी भाव कित्येक पटींनी चढले. खटला जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०१४ मध्ये चीन हरला, कोटा उठला. भाव एव्हाना पडलेच होते, आणि त्या चढ्या भावाच्या भरवशावर माउंटन पास पुन्हा उघडणारी कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली. जुलैत बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी उघड सांगितलं की ऑगस्टमध्ये एकही इलेक्ट्रिक चेतक तयार होणार नाही अशी वेळ येऊ शकते. तेवढं टोक गाठलं गेलं नाही, महिन्याच्या उत्तरार्धात उत्पादन सुरू झालं. पण आकुर्डीचा एवढा मोठा कारखाना मूठभर चुंबकासाठी बीजिंगच्या सहीची वाट पाहत होता. जी सात मूलद्रव्यं अडवली त्यांत डिस्प्रोसियम आणि टर्बियम होती. साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे ढिलं पडू लागतं. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात, सवाऱ्या भरलेल्या रिक्षाच्या मोटरीत हे तापमान दूर नसतं. ते सोसायला ही दोन लागतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये ती फारच थोडी आहेत. साठ्यांत तिसरा क्रमांक म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जपानने २०१० नंतर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला पैसा दिला, वर्षानुवर्षं तिचा माल घेतला, कारखान्यांनी डिस्प्रोसियम कमी लागेल अशी चुंबकं शोधली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या नव्या मालकांना निओडिमियम-प्रासिओडिमियमला किलोमागे किमान ११० डॉलर भाव दहा वर्षांसाठी कबूल केला, तोही बाजारभावापेक्षा खूप वर. मुक्त बाजाराचा उपदेश जगाला करणारा देश हमीभावावर आला. शेतकऱ्याच्या हमीभावावर इथे जे लोक नाकं मुरडतात त्यांनी याचा नीट विचार करावा. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी. मी तिचं मनापासून स्वागत करतो. पण तिची मुदत सात वर्षांची आहे, त्यांतली पाच प्रत्यक्ष प्रोत्साहनाची. आठव्या वर्षी चीनने भाव पाडला तर काय, याचं उत्तर आजच कायद्यात असायला हवं. देशी चुंबक महाग पडलं तरी अमुक इतकं घ्यायचंच, असं बंधन मोटर बनवणाऱ्यांवर असावं. त्याने रिक्षा थोडी महागली तर महागू द्या.

आता दुसरी बाजू, आणि तिच्याविषयी मला जास्त काळजी आहे. चिनी चुंबक स्वस्त आहे कारण त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली आहे. मलेशियात बुकित मेरा इथे जपानी भागीदारीतला एक कारखाना १९८० च्या दशकात मोनाझाइटसारखी खनिजं फोडत होता. थोरियमचा कचरा नीट न सांभाळल्यामुळे वस्तीत आजार पसरल्याच्या तक्रारी झाल्या, लोक कोर्टात गेले, १९९४ मध्ये कारखाना बंद झाला आणि साफसफाईला कोट्यवधी डॉलर लागले. आज डिस्प्रोसियमचा मोठा हिस्सा म्यानमारच्या काचिन डोंगरातून चीनला जातो. तिथे तो कसा काढतात हे बुऱ्हाणपूरच्या माणसाला डोळ्यांपुढे आणता येईल. आमचा कुंडी भंडारा आठवा. मुघल सरदार खान-ए-खानानच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शंभरावर कुंड्यांतून शहरापर्यंत आणलं. लिफ्टने खाली उतरलं की भिंतीतून पाणी पाझरताना दिसतं, थेंब थेंब, चारशे वर्षं. डोंगर पाणी पितो, गाळतो आणि खाली देतो, एवढ्या समजुतीवर ती सगळी रचना उभी आहे. काचिनमध्ये हीच समजूत उलटी वापरली जाते. डोंगराच्या माथ्यावर भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं पाणी ओततात, ते मातीतली मूलद्रव्यं धुऊन घेत उतारावर येतं, पायथ्याच्या हौदांत साठवतात. जे हौदात येत नाही ते ओढ्यात जातं.

आपल्याकडे अशी माती नाही. पण आपल्या शेजारी एक डोंगर आहे. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पलीकडे, नर्मदेच्या उत्तरेला, अलीराजपूरच्या हद्दीलगत छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या कवांट तालुक्यात आंबाडोंगर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला त्याच सुमारास, तिथे चुनखडीसारखा कार्बोनेटाइट नावाचा वेगळाच लाव्हा वर आला. तो ओळखला सुखेसवाला आणि उदास या भूवैज्ञानिकांनी, १९६३ मध्ये. तिथे फ्लोरस्पार कित्येक वर्षं खणला गेला, आणि आता त्याच दगडातल्या दुर्मीळ मृदांसाठी गुजरातच्या सरकारी खनिज महामंडळाची तयारी चालू आहे. भोवती राठवा आदिवासींची गावं आहेत. ज्या दगडात फ्लोराइड आहे तिथल्या विहिरींची चिंता वेगळी सांगायला नको. झाबुआ, धार, अलीराजपूरच्या पट्ट्यात फ्लोराइडच्या पाण्याने वाकलेली हाडं आणि डागाळलेले दात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना खाणीच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आणि या दगडातही मुख्यतः हलकी मूलद्रव्यंच आहेत. तिथे खणलं तरी बजाजला अडवणारं डिस्प्रोसियम त्यातून पुरेसं मिळण्यासारखं नाही. ते मिळवायचं तर बाहेरून कच्चा माल आणून तो सोडवण्याची ताकद हवी, जुन्या हार्ड डिस्कमधली, मोटरींतली चुंबकं परत फोडण्याची ताकद हवी. पुन्हा तीच टाक्यांची रांग.

आंबाडोंगर खणूच नये असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या डोंगरातलं विष चालतं आणि आपल्या डोंगरातलं नको, ही भूमिका मला अप्रामाणिक वाटते. ई-रिक्षात बसणाऱ्या आपण सगळ्यांनी काचिनचं पाणी थोडं थोडं वापरलं आहे. पण खणायचं तर गावाला विचारून, त्याला कागद समजावून, कचऱ्याची आणि पाण्याची व्यवस्था आधी उभी करून. यासाठी जनसुनावणी नावाची एक जागा होती. तहसिलात मंडप टाकून, माइकवर बाई उभी राहून अधिकाऱ्याला विचारू शकत होती की माझ्या विहिरीचं काय. कित्येकदा ती सुनावणी नावापुरती व्हायची, तरी प्रश्न नोंदला जायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका परिपत्रकाने अणुखनिजं आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना या जनसुनावणीतून सूट दिली. कारण दिलं राष्ट्राच्या सुरक्षेचं आणि निकडीचं. ऐकलं नाही की काय होतं ते केरळात दिसतं. तिथल्या आलप्पाडचे लोक २०१८ पासून वाळूच्या खाणीमुळे समुद्र गावात शिरतो म्हणून आंदोलन करत आहेत. त्यांचं म्हणणं तिथे कित्येक दशकं काम करणाऱ्या सरकारी कंपन्यांनी वेळीच ऐकलं असतं, तर ते रस्त्यावर आले नसते.

निकड खरी आहे, पण ती खाणीची नाही. आज खाणीचा परवाना दिला तरी चुंबक निघायला दशक लागेल, आणि तेवढ्या काळात एका सुनावणीचे दोन-तीन महिने कुणाला जड नाहीत. निकड आहे ती प्रभादेवीच्या त्या इमारतीतल्या आणि आलुवा-छत्रपूरच्या कारखान्यांतल्या कसबी हातांना पुढची पिढी मिळण्याची, आणि भोपाळजवळ इंडियन रेअर अर्थ्सने उभारलेल्या प्रशिक्षण-संशोधनाच्या आवारात मुलं जाण्याची. आमचा विणकर कापूस पिकवत नव्हता. कापूस खानदेश-वऱ्हाडचा. तरी सतराव्या शतकात इथे आलेल्या फ्रेंच प्रवासी ताव्हर्निएने लिहून ठेवलं की बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं. हे शहर मालाच्या उगमावर श्रीमंत झालं नव्हतं, हाताच्या कसबावर झालं होतं.

पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ ची ती सूट मागे घ्यावी, आणि आंबाडोंगरच्या गावांत त्यांच्या भाषेत, त्यांच्या विहिरींच्या पाण्याचे अहवाल हातात देऊन, सुनावणी घ्यावी. छोटा उदेपूरच्या, अलीराजपूरच्या, नंदुरबारच्या आणि आमच्या बुऱ्हाणपूरच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत एकत्र विचारावा, अशी माझी त्यांना मागणी आहे.